‘कामास योग्य वाटत नाही’: नूर इनायत खान प्रकरणाचा अभ्यास

मे १९४३. इंग्लंडच्या दक्षिणेला ब्यूली नावाच्या गावात हेरगिरीचं प्रशिक्षण देणारी एक गुप्त शाळा होती. तिचे प्रमुख कर्नल फ्रँक स्पूनर यांनी एका विद्यार्थिनीबद्दल शेरा लिहून लंडनला पाठवला. त्याचा आशय असा: बुद्धीचा फारसा भार नाही, मेहनत मात्र घेतली, उत्साह दाखवला; सुरक्षेचा विषय तिला आवडत नाही; स्वभाव अस्थिर, भावनाप्रधान; प्रत्यक्ष कामगिरीवर पाठवायला ती योग्य आहे का, याची दाट शंका वाटते.

कागद ज्यांच्या टेबलावर गेला ते मॉरिस बकमास्टर ‘एसओई’च्या, म्हणजे शत्रूव्याप्त देशांत गुप्त कारवाया करणाऱ्या स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह या ब्रिटिश संघटनेच्या, फ्रान्स विभागाचे प्रमुख होते. शेरा वाचून ते चिडले. समासात त्यांनी लिहिलं, ‘मूर्खपणा’. बुद्धीच्या वाक्याशेजारी लिहिलं की, बुद्धीचा भार असलेली माणसं आपल्याला नकोच आहेत.

महिन्याभराच्या आत ती मुलगी फ्रान्समध्ये होती. चार महिन्यांत पकडली गेली. १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाउच्या छळछावणीत तिला गोळी घालण्यात आली, तेव्हा तिचं वय ३० होतं. तिचं नाव नूर-उन-निसा इनायत खान.

या प्रकरणावर आजवर खूप लिहिलं गेलं आहे आणि बहुतेक लिखाण दोन टोकांना जातं. एका टोकाला टिपू सुलतानाच्या वंशातली शूर राजकन्या असते, दुसऱ्या टोकाला चुकून हेरखात्यात शिरलेली भाबडी मुलगी. दोन्हीकडे प्रश्न एकच: ती योग्य होती का? मला हा प्रश्नच अपुरा वाटतो. तिच्या फाइलमधल्या घटना तारीखवार लावल्या की दुसराच प्रश्न समोर येतो. तिला पाठवणाऱ्यांना वेळोवेळी इशारे मिळत होते, त्यांचं त्यांनी काय केलं?

आधी घरची पार्श्वभूमी. मराठी वाचकाला ती वाटते तितकी परकी नाही. नूरचे वडील हजरत इनायत खान यांचा जन्म १८८२ साली बडोद्यात झाला. त्यांचे आजोबा मौलाबक्ष म्हणजे सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यात संगीतशाळा सुरू करणारे गवई. टिपूशी नातं सांगितलं जातं ते मौलाबक्षांच्या पत्नीकडून. इनायत खान वीणा वाजवत, गात, आणि सूफी विचार घेऊन १९१० साली पश्चिमेकडे गेले. अमेरिकेत ओरा रे बेकर यांच्याशी त्यांची ओळख झाली आणि पुढे लंडनमध्ये लग्न झालं. लग्नानंतर त्या अमीना बेगम झाल्या. १ जानेवारी १९१४ रोजी मॉस्कोत नूर जन्मली. पुढे कुटुंब लंडनला आणि तिथून फ्रान्सला गेलं. पॅरिसजवळच्या सुरेन गावात त्यांना ‘फजल मंझिल’ हे घर मिळालं आणि नूरचं लहानपण तिथे गेलं.

१९२७ साली वडील दिल्लीत वारले. आई खचून गेली. तेरा वर्षांच्या नूरने दोन भाऊ, एक बहीण आणि घर अंगावर घेतलं. मोठी झाल्यावर ती पॅरिसच्या सोरबोन विद्यापीठात बालमानसशास्त्र शिकली, पियानो आणि हार्प शिकली, मुलांसाठी गोष्टी लिहू लागली. त्या गोष्टी वृत्तपत्रात येत, रेडिओवर ऐकवल्या जात. १९३९ साली तिने इंग्रजीत सांगितलेल्या वीस जातककथांचं पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झालं.

त्यातली पहिली गोष्ट महाकपीची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात आपण ती भिंतीवर पाहतो तीच. आंब्याच्या झाडावर वानर अडकलेत, खाली राजाचे धनुर्धारी. वानरांचा राजा पलीकडच्या तीरावर वेत बांधतो, पण वेत थोडा आखूड पडतो. जेवढी लांबी कमी पडते तेवढ्यात तो स्वतःचं अंग ताणून धरतो आणि बाकीचे त्याच्या पाठीवरून पलीकडे जातात. शेवटचा वानर मुद्दाम जोरात उडी मारतो आणि राजाची पाठ मोडतो. ही गोष्ट पुढे याच प्रकरणात एका वेगळ्याच माणसाच्या हाती पडणार होती.

जून १९४० मध्ये जर्मन फौजा पॅरिसकडे सरकल्या तेव्हा घरात चर्चा झाली. हे सूफी घराणं, अहिंसा मानणारं. नूर आणि तिचा भाऊ विलायत यांनी ठरवलं की इतरांना मरू देऊन आपण बाजूला राहायचं, ही अहिंसा नव्हे. बोर्दोमार्गे कुटुंब बोटीने इंग्लंडला पोहोचलं. नोव्हेंबर १९४० मध्ये नूर हवाई दलाच्या महिला शाखेत भरती झाली आणि बिनतारी संदेश पाठवायला शिकली. थंडीने बोटं सुजलेली असायची, त्यामुळे ती मोर्सची कळ जोरात हाणायची. बरोबरीच्या मुली त्यावरून चिडवत. हे बारकं वाटेल, पण प्रत्येक ऑपरेटरचा हात वेगळा असतो आणि ऐकणाऱ्याला तो सवयीने ओळखू येतो. पुढे या हाताला फार महत्त्व येणार होतं.

अधिकारीपदाच्या मुलाखतीत तिला भारताबद्दल विचारलं गेलं. युद्ध चालू आहे तोवर आपण ब्रिटनच्या बाजूने. युद्ध संपल्यावर मात्र भारताच्या स्वातंत्र्यासाठी ब्रिटनविरुद्ध उभं राहावं लागलं तर राहू, असं तिने सांगितलं. १९४२ साल होतं ते. नोकरी देणाऱ्याच्या तोंडावर असं बोलणाऱ्या मुलीला भाबडं म्हणायला माझं मन धजत नाही. तिला खोटं बोलायचं नव्हतं, एवढंच.

नेमकं हेच एसओईच्या प्रशिक्षणात खुपू लागलं. तिथे खोटं नाव, खोटं गाव, खोटा धंदा, खोटी आठवण असं सगळं अंगी मुरवायचं असतं. नूरला ते जड जाई. खोट्या चौकशीच्या सरावात, मध्यरात्री उठवून दिवे डोळ्यांवर सोडून प्रश्न विचारले गेले, तेव्हा ती इतकी घाबरली की पाहणाऱ्यांनाच वाईट वाटलं. बरोबरच्या दोन मुलींनी व्हेरा ॲटकिन्स यांना पत्र लिहून कळवलं की हिला पाठवू नये. ॲटकिन्स या फ्रान्स विभागात एजंटांची काळजी वाहणाऱ्या अधिकारी. त्यांनी नूरला जेवायला बोलावून सरळ विचारलं: मागे फिरायचं असेल तर आत्ता सांग, कुणी काही म्हणणार नाही. नूरला जायचंच होतं. काळजी होती ती आईची. आईला तिने आफ्रिकेत जात असल्याचं सांगितलं होतं. आपण मेल्याची पक्की खात्री होईपर्यंत आईला वाईट बातमी कळवू नका, एवढंच तिने मागितलं.

म्हणजे निघण्याआधीच दोन इशारे झाले होते, एक वरिष्ठाचा आणि एक सोबतिणींचा. मग तिला पाठवलं का?

कारण ऑपरेटर नव्हते. फ्रान्समधल्या प्रत्येक गुप्त जाळ्याला तीन माणसं लागत: संघटक, निरोप्या आणि बिनतारीवाला. बिनतारीवाला नसेल तर हत्यारं मागवता येत नाहीत, विमान बोलावता येत नाही, अटकेची खबर देता येत नाही. आणि हीच माणसं सगळ्यांत लवकर पकडली जात. असा ऑपरेटर सहा आठवडे टिकला तरी पुष्कळ, असं तेव्हा मानलं जाई. नूर आधीच मोर्समध्ये तयार होती आणि फ्रेंच तिच्या जिभेवर लहानपणापासून होती. त्यामुळे तिचं प्रशिक्षण पूर्ण होण्याआधीच तिला उचललं गेलं. एसओईने व्याप्त फ्रान्समध्ये पाठवलेली ती पहिली स्त्री बिनतारी ऑपरेटर.

निघण्यापूर्वी सांकेतिक लिपीचे प्रमुख लिओ मार्क्स यांनी तिची शिकवणी घेतली. मार्क्स तेव्हा विशीतलेच होते. तिचे संदेश चुकांनी भरलेले असत, आणि सांकेतिक संदेशात एक अक्षर घसरलं की लंडनमध्ये बसलेल्या मुलींना तो सोडवायला शेकडो प्रयत्न करावे लागत. मार्क्स यांनी भेटीआधी तिचं जातककथांचं पुस्तक वाचून काढलं आणि महाकपीची गोष्ट वापरूनच तिला समजावलं: प्रत्येक अक्षर हा त्या पुलावरून जाणारा वानर समज, खोटं अक्षर आलं की पूल तुटतो. त्यांच्या आठवणींत ते सांगतात की त्यानंतर तिचं काम सुधारलं. राहिला सुरक्षा-खुणेचा प्रश्न.

ही खूण नीट समजून घेतल्याशिवाय पुढचं प्रकरण कळत नाही. प्रत्येक ऑपरेटरला संदेशात दोन खुणा पेरायला शिकवत. ठरावीक जागी मुद्दाम केलेली चूक, असं काहीतरी. पकडलं गेल्यावर छळ असह्य झाला तर एक खूण शत्रूला सांगून टाकायची. दुसरी, खरी खूण मरेपर्यंत सांगायची नाही. खरी खूण नसलेला संदेश आला की लंडनने ओळखायचं: यंत्रावर आपलं माणूस नाही, किंवा आहे पण मानेवर पिस्तूल आहे. नूरला ‘शत्रूला खोटी खूण खरी म्हणून सांग’ हे पटेना, कारण तेही खोटंच. मार्क्स यांनी मग तिच्यापुरती तोड काढली. संदेश गुंफण्याची किल्ली, म्हणजे ज्या शब्दांवरून तो सांकेतिक होतो ते शब्द, बरोबर अठरा अक्षरांची कधीही वापरायची नाही. तशी वापरलीस तर मी समजेन की तू पकडली गेलीस. यात कुणाशी खोटं बोलावं लागत नव्हतं. तिने मान डोलावली.

१६ जूनच्या रात्री दोन छोटी लायसँडर विमानं आंझेजवळच्या एका शेतात उतरली. त्यांतून नूर, डायना रॉडन, सेसिली लेफोर आणि चार्ल्स स्केपर असे चौघे उतरले. चौघांपैकी एकही जण जिवंत परतला नाही.

नूरचं सांकेतिक नाव ‘मादलेन’. खोट्या कागदांवर ती झान-मारी रेनिए, मुलं सांभाळणारी दाई. एमिल गारी यांच्या छोट्या जाळ्यासाठी तिने काम करायचं होतं आणि ते ‘प्रॉस्पर’ या मोठ्या जाळ्याशी जोडलेलं होतं. प्रॉस्परचा प्रमुख फ्रान्सिस सटिल, बिनतारीवाला गिल्बर्ट नॉर्मन. पहिल्या दिवसांत ती ग्रिन्योंच्या शेतकी शाळेत गेली. तिथल्या प्राध्यापकांच्या घरी चहा ओतताना तिने कपात आधी दूध घातलं. फ्रान्समध्ये असं कुणी करत नाही. घरच्या बाईंनी हळूच सुधारलं. त्याच घराच्या दिवाणखान्यात सांकेतिक कागदांची पिशवी ती बाहेर ठेवून विसरली. या चुका झाल्या आहेत आणि त्या मी झाकणार नाही.

ती उतरली त्याला जेमतेम आठवडा झाला होता तोच २४ जूनला सटिल, नॉर्मन आणि निरोप्याचं काम करणारी आंद्रे बोरेल पकडले गेले. जाळं पत्त्यांच्या बंगल्यासारखं ढासळलं. १ जुलैला ग्रिन्योंवर धाड पडली. दहा-बारा दिवसांत शेकडो माणसं आत गेली आणि पॅरिसमध्ये लंडनशी बोलू शकणारं एकच यंत्र उरलं. ते नूरचं.

लंडनने तिला परत यायला सांगितलं. ती नाही म्हणाली: माझ्या जागी दुसरं कुणी येईपर्यंत या लोकांना मुकं ठेवून मी निघणार नाही. आणि ती साडेतीन महिने टिकली.

हे टिकणं म्हणजे काय? सुटकेसच्या आकाराचं यंत्र, वजन १४-१५ किलो. ते घेऊन मेट्रोने, सायकलने घर बदलत राहायचं. दर ठिकाणी लांबलचक तार, म्हणजे एरियल, बाहेर टांगायची. ठरलेल्या वेळी ठरलेल्या लहरीवर लंडनला हाक द्यायची. तुम्ही कळ दाबली की शत्रूची स्थानकं दिशा मोजू लागतात. तीन दिशा जिथे छेदतात त्या वस्तीत बंद गाड्या फिरू लागतात. शेवटच्या गल्लीत कोटाखाली यंत्र लपवलेला माणूस पायी येतो. म्हणून मिनिटं मोजून थांबायचं, आवरायचं, निघायचं. केसांचा रंग ती बदलत होती. तिच्या चरित्रात एक प्रसंग सांगितला जातो: रस्त्यावरच्या झाडावर ती तार अडकवू पाहत होती, हात पुरत नव्हता. इमारतीत राहणाऱ्या जर्मन अधिकाऱ्याने विचारलं, मदत करू का? तिने हो म्हटलं. मुलगी रेडिओवर गाणी ऐकत असेल असं समजून त्याने तार बांधून दिली.

फ्रान्स आँतेल्म या मॉरिशसच्या अधिकाऱ्याला त्या धरपकडीत लपवण्यात आणि जुलैत विमानाने सुखरूप इंग्लंडला पोहोचवण्यात तिचा वाटा होता. हे नाव ध्यानात ठेवावं.

ऑक्टोबरच्या मध्यावर तिला परत न्यायचं अखेर ठरलं. त्याच सुमारास, १३ तारखेच्या आसपास, जाळ्याजवळच्याच कुणीतरी पैशासाठी तिचा पत्ता विकला. खोलीत दबा धरून बसलेल्या माणसाचं मनगट तिने रक्त येईस्तोवर चावलं. त्याला तिच्यावर पिस्तूल रोखून फोनवरून मदत मागवावी लागली.

खोलीत दोन गोष्टी सापडल्या. एक यंत्र. दुसरी एक वही, आणि त्या वहीत तिने जूनपासून पाठवलेला आणि आलेला प्रत्येक संदेश, सांकेतिक आणि साध्या रूपात, व्यवस्थित उतरवलेला.

या प्रकरणातली सगळ्यांत जड चूक हीच. इतिहासकारांनी तिचा एक उलगडा दिला आहे: तिच्या लेखी सूचनांत संदेशांच्या ‘फायलिंग’बाबत अत्यंत काळजी घ्या, असं म्हटलं होतं. वार्ताहरांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पाठवणं’. तिने तो ‘जपून ठेवणं’ असा घेतला असावा. अर्धवट प्रशिक्षण, दुहेरी अर्थाचा शब्द आणि आज्ञा शब्दशः पाळणारी मुलगी. उलगडा पटतो, पण वही राहतेच. तिच्यामुळे शत्रूला संदेशांची धाटणी, वेळा, किल्ल्या, सगळं बसल्या जागी मिळालं.

पॅरिसच्या ८४, आव्हन्यू फॉश या पत्त्यावर नाझींच्या एसएस या सशस्त्र संघटनेच्या गुप्तचर शाखेची, ‘एसडी’ची, कचेरी होती आणि तिथे एक ‘रेडिओ-खेळ’ चालायचा. पकडलेल्या यंत्रावरून लंडनला असं भासवायचं की ऑपरेटर मोकळा आहे. माणसं, हत्यारं मागवायची आणि उतरताच झडप घालायची. नूरच्या अटकेआधीच नॉर्मनच्या यंत्रावरून हा प्रयोग झाला होता. तो संदेश लंडनला पोहोचला तेव्हा खरी खूण नव्हती. यंत्रणेने करायला हवं होतं ते एकच: गप्प होऊन सावध होणं. लंडनने उत्तर काय पाठवलं? तुम्ही दुहेरी सुरक्षा-खूण द्यायला विसरलात, पुढच्या वेळी काळजी घ्या. हे उत्तर नॉर्मनच्या यंत्रावर बसलेल्या जर्मनांनी वाचलं. खूण दोन असतात हे त्यांना लंडननेच सांगितलं.

हा प्रकार जून-जुलैचा. ऑक्टोबरात नूरचं यंत्र शत्रूच्या हाती गेलं तोवर शिकायला तीन महिने मिळाले होते.

त्याच सुमारास स्वित्झर्लंडमधल्या बर्नहून एक निरोप लंडनला आला. ‘मादलेन’ला गंभीर अपघात झाला असून ती इस्पितळात आहे, म्हणजेच पकडली गेली आहे, असा त्याचा अर्थ होता. निरोप ‘सोन्या’ नावाच्या कुणा बाईकडून आला होता. लंडनच्या यादीत सोन्या नव्हती. निरोप बाजूला पडला.

मार्क्स यांच्या आठवणींत याचा पुढचा भाग येतो. नूरच्या नावाने आलेल्या एका संदेशात किल्ली अठरा अक्षरांची होती. ते बकमास्टर यांच्याकडे गेले आणि सांगितलं: ती पकडली गेली आहे. बकमास्टर यांना ते मान्य करायचं नव्हतं. मधल्या काळात लंडनने संशय म्हणून काही खासगी प्रश्नही विचारले. उत्तरं समाधानकारक वाटली आणि व्यवहार पुन्हा सुरू झाला.

मला इथे थांबावंसं वाटतं. बकमास्टर दुष्ट नव्हते. आपल्या माणसांवर त्यांचा जीव होता, असं सगळेच सांगतात. तोच या प्रकरणाचा कठीण भाग आहे. माणूस पकडला गेला हे मान्य केलं की त्याचं जाळं गेलं, महिन्यांची मेहनत गेली आणि त्या माणसाच्या जिवाची आशाही गेली. त्यापेक्षा ‘खूण विसरली असेल’ हे मानणं सोपं. मे महिन्यातल्या शेऱ्यावर ‘मूर्खपणा’ लिहिणारा हात आणि ‘काळजी घ्या’ असं उत्तर पाठवणारी कचेरी यांच्यात मला एकच सवय दिसते: नको असलेली बातमी आली की बातमी आणणाऱ्याची चूक काढायची. नूर विसराळू होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि म्हणूनच तिच्या संदेशातली खोट तिच्या विसराळूपणाच्या खाती टाकणं सोयीचं झालं. तिच्याबद्दलची शंका तिला थांबवायला वापरली गेली नाही. शत्रूचं काम मात्र त्या शंकेने सोपं केलं.

२८ फेब्रुवारी १९४४ च्या रात्री शार्त्रजवळ तिघं पॅराशूटने उतरली: फ्रान्स आँतेल्म, त्यांचा ऑपरेटर लायोनेल ली आणि निरोप्याचं काम करणारी मादलेन दामेर्मां. उतरण्याची व्यवस्था नूरच्या यंत्रावरून ठरली होती. खाली जर्मन उभे होते. ज्याला नूरने जुलैत वाचवलं होतं तोच तिच्या नावाने बोलावला जाऊन परत आला. आँतेल्म आणि ली यांना पुढे ग्रोस-रोझेन छावणीत मारण्यात आलं.

आणि नूर? ती काय करत होती?

आव्हन्यू फॉशला आणल्या दिवशीच तिने अंघोळ करायची म्हणून न्हाणीघराचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि खिडकीतून छपराच्या कडेवर चढली. पकडली गेली. सहा आठवड्यांनी, २५ नोव्हेंबरला, जॉन स्टार आणि लेओं फे या दोन कैद्यांबरोबर पुन्हा. स्टारने मिळवलेल्या स्क्रू-ड्रायव्हरने रात्रीमागून रात्री छतातल्या झरोक्याचे गज सैल केले होते. चिठ्ठ्या शौचालयात लपवून एकमेकांना पोहोचवल्या होत्या. तिघं छपरावर पोहोचले आणि नेमका त्याच वेळी ब्रिटिश विमानांच्या हल्ल्याचा भोंगा वाजला. भोंगा वाजला की कोठड्या तपासायचा नियम होता.

कचेरीचा प्रमुख हान्स किफर याने तिघांपुढे कागद ठेवला: पुन्हा पळणार नाही असा शब्द द्या. स्टारने सही केली. फे आणि नूर यांनी केली नाही. आता ब्यूलीचा शेरा आठवावा. सही करून नंतर पळता आलं असतं. शत्रूला दिलेला शब्द मोडायला कुणाची हरकत होती? तिला शब्द द्यायचा तर पाळावा लागला असता, म्हणून तिने दिलाच नाही. युद्धानंतर खुद्द किफरने जबानी दिली की तिच्याकडून काहीही कळलं नाही. खोटं बोलता येत नाही हा जिच्यावरचा ठपका, तिने शत्रूसमोर गप्प राहून दाखवलं. त्यांना मिळालं ते वहीतून आणि लंडनकडून.

२७ नोव्हेंबरला तिला जर्मनीत प्फोर्त्सहाइमच्या तुरुंगात नेलं. ‘रात्र आणि धुकं’ या वर्गातली कैदी, म्हणजे जिचा जगाला मागमूसही लागू द्यायचा नाही अशी. एकांतकोठडी, हातपाय साखळदंडात. म्हाताऱ्या तुरुंगाधिकाऱ्याने दया येऊन एकदा बेड्या काढल्या. वरून हुकूम आला, पुन्हा घाला. असे नऊ-दहा महिने.

बोलायला मनाई होती. जेवणाचे कटोरे मात्र कोठड्याकोठड्यांतून फिरत. नूरने शेजारच्या फ्रेंच कैदी बायकांना कटोऱ्याच्या बुडावर अक्षरं कोरून आईच्या माहेरच्या आडनावावरून घेतलेलं ‘नोरा बेकर’ हे नाव आणि लंडनमधला पत्ता कळवला. १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, तिने कटोऱ्यावर स्वतंत्र फ्रान्सच्या जयजयकाराचे शब्द कोरून पाठवले. मोर्सची कळ हिसकावून घेतलेली ती मुलगी तुरुंगाच्या भांड्यावरून संदेश पाठवत होती, आणि ते बरोबर पोहोचत होते.

११ सप्टेंबर १९४४ ला तिला कार्ल्सरूहला नेलं आणि दुसऱ्या दिवशी एसओईच्या आणखी तीन जणींबरोबर आगगाडीत बसवलं: योलांद बीकमन, एलियान प्लूमन आणि मादलेन दामेर्मां. होय, तीच, जिला नूरच्या यंत्रावरून बोलावून पकडलं गेलं होतं. तो प्रवास दिवसभराचा होता. खिडकीजवळ बसून चौघी आपसात इंग्रजीत बोलत होत्या, असं सोबतच्या गेस्टापो (नाझींचे गुप्त पोलीस) कर्मचाऱ्याने पुढे सांगितलं. त्या बोलण्यात दामेर्मांला कळलं असेल का की आपल्याला कोणत्या यंत्रावरून बोलावलं? दोघींनी मिळून ते शोधून काढलं असेल का? मी या प्रकरणाकडे परत परत येतो ते या डब्यासाठी. १३ सप्टेंबरच्या सकाळी दाखाउमध्ये चौघींना गोळ्या घालण्यात आल्या.

लंडनला यातलं काही माहीत नव्हतं. फ्रान्स विभागाने एकूण ३९ स्त्रिया पाठवल्या होत्या, त्यांतल्या १३ परतल्या नाहीत. युद्ध संपल्यावर व्हेरा ॲटकिन्स त्यांना शोधायला जर्मनीत गेल्या, कैद्यांना भेटल्या, पहारेकऱ्यांच्या जबान्या घेतल्या. नात्सवाइलर छावणीत ६ जुलै १९४४ रोजी चार स्त्रियांना मारलं होतं. तिघींची ओळख पटली: आंद्रे बोरेल, व्हेरा ले आणि डायना रॉडन, तीच डायना जी नूरबरोबर त्या शेतात उतरली होती. चौथी बुटकी, सावळी, काळ्या केसांची. वर्णन नूरशी जुळत होतं. १९४६ साली ॲटकिन्स यांनी नूरच्या घरच्यांना कळवलं की ती नात्सवाइलरला गेली.

नंतर प्फोर्त्सहाइमहून सुटलेल्या एका फ्रेंच बाईचं पत्र आलं. कटोऱ्याखालचं नाव आणि पत्ता तिने लक्षात ठेवला होता. तारखा जुळेनात, नूर सप्टेंबरपर्यंत प्फोर्त्सहाइमला होती, मग जुलैत नात्सवाइलरला मेली कशी? तपास नव्याने झाला, कार्ल्सरूह, आगगाडी, दाखाउ असा माग लागला आणि नूरची खरी तारीख फाइलवर आली. १९४९ मध्ये तिला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा शौर्यसन्मान मरणोत्तर मिळाला. १९४३ च्या शेऱ्याचा कागदही तिच्या फाइलमध्ये समासातल्या शब्दासकट आहे.

मग नात्सवाइलरची चौथी कोण? तिला लंडनने कधी पाहिलंच नव्हतं. ती पॅरिसमध्येच भरती झालेली, प्रॉस्परच्या एका शाखेत निरोप पोहोचवणारी ज्यू नर्तकी सोन्या ओल्शानेत्स्की. ‘मादलेन’ पकडली गेल्याचा निरोप बर्नमार्गे लंडनला धाडणारी सोन्या हीच होती.